आडवाटेने सरहद्द का ओलांडली जाते?

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील खानापूर, आटपाडी, माण आणि खटाव या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील तरुण अनेक पिढ्यांपासून सोन्या-चांदीच्या गलाईसाठी गाव सोडत आले आहेत. नात्यातल्या कोणाच्या तरी दुकानात राहायचे, भट्टी आणि मूस सांभाळत जुने दागिने आटवून शुद्ध सोने काढायला शिकायचे आणि हात बसला की दुसऱ्या शहरात स्वतःचे दुकान टाकायचे, अशी ही साखळी खानापूर तालुक्यातल्या विट्याहून केरळ, पंजाब आणि कोलकात्यापर्यंत, पुढे थेट काठमांडूपर्यंत पोहोचली. काठमांडू परदेशात आहे. परंतु १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे तेथे जाण्यास आणि धंदा करण्यास भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून तेथील गलाईवाल्याला कोणी घुसखोर म्हणत नाही.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेत वैध कागदांशिवाय गेलेल्या १०४ भारतीयांना तिच्या लष्करी विमानातून अमृतसरला परत आणण्यात आले. त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. ही माणसे रीतसर का गेली नाहीत, असा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. त्यात एक गृहीतक दडलेले असते, ते म्हणजे रीतसर जाण्याची रांग सर्वांसाठी खुली आहे. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे कायम वास्तव्याचे सुमारे १,४०,००० परवाने दरवर्षी ठेवले, पण त्यांत अकुशल कामगारांचा वाटा संपूर्ण जगासाठी मिळून जास्तीत जास्त १०,००० इतकाच होता. ज्याचे नातेवाईक तेथे नाहीत आणि ज्याच्याकडे पदवी नाही, त्याला रांगेत उभे राहायला जवळपास जागाच नसते.

कायदा बदलला की तीच वाटचाल बेकायदा कशी ठरते, हे मेक्सिकोच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसते. दुसऱ्या महायुद्धात मजूर कमी पडल्यामुळे अमेरिकेने १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार केला आणि १९६४ पर्यंत शेतमजुरांना सुमारे ४६ लाख हंगामी कंत्राटे दिली. करार संपला, त्यानंतर १९७६ मध्ये मेक्सिकोलाही कायम वास्तव्याच्या परवान्यांसाठी वर्षाला २०,००० ची मर्यादा लागू झाली. मात्र शेतमालकांची गरज आणि गावागावांत तयार झालेल्या ओळखी जागच्या जागी राहिल्या. त्यामुळे पूर्वी कंत्राटावर जाणारा मजूर त्याच शेतावर कागदांशिवाय जाऊ लागला. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांचे वास्तव्य नियमित केले. १९९४ पासून सॅन दिएगोजवळचा पहारा कडक झाल्यावर वाटा ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळल्या, आणि पुन्हा येणे महाग व जिवावरचे झाल्यामुळे हंगाम संपताच घरी परतणारे मजूर तेथेच राहू लागले. पहाऱ्याचा हा परिणाम धोरण आखणाऱ्यांना बहुधा अपेक्षित नव्हता.

भारतीयांनाही हा अनुभव नवा नाही. १९१७ च्या अमेरिकी कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून होणारे स्थलांतर बंद केले, आणि १९४६ मध्ये दार किलकिले झाले तेव्हा भारताच्या वाट्याला वर्षाला अवघे १०० परवाने आले.

जीव वाचवण्यासाठी पळणाऱ्यांची अडचण निराळी आहे. आश्रयाचा अर्ज सहसा त्या देशाच्या भूमीवर पोहोचल्यावरच करता येतो. त्यासाठी स्वतंत्र व्हिसा नसतो, आणि व्हिसा नसलेला प्रवासी आणल्यास विमान कंपनीला दंड होत असल्याने त्याला विमानात बसूच दिले जात नाही. थेट संकटातून आलेल्या निर्वासिताला केवळ बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करू नये, असे कलम १९५१ च्या निर्वासितविषयक करारात मुळातच घातले गेले, ते निर्वासिताला रीतसर प्रवेश करणे अनेकदा शक्य नसते हे ओळखूनच.

तथापि आडवाटेने जाणारा प्रत्येक जण अगतिक असतो, असे मानणेही चुकीचे ठरेल. पंजाब, हरियाणा आणि गुजरातमधून जाणाऱ्यांपैकी अनेक जण एजंटाला लाखो रुपये मोजतात, जमीन विकतात किंवा गहाण टाकतात. गावात शेजारच्या घरी परदेशातून येणारा पैसा त्यांना दिसत असतो. माणमधल्या भूमिहीन मजुराला हा प्रवास परवडतच नाही, तो फार तर मुंबई गाठतो. जो निघतो त्याच्यावर निघण्याआधीच कर्ज झालेले असते, आणि वाटेत धोका कळल्यावरही तो मागे फिरत नाही, कारण जमीन आधीच गेलेली असते.