कड्याखालची वाट आणि आग्या मोहोळ : ट्रेकला येण्याआधी वाचा

नोंदणी झाली की हमखास विचारणा होते : "डिओ चालत नाही म्हणता, पण थोडासा मारला तर?" थोडासाही नको : सुगंधाच्या वासाने कड्यातल्या आग्या माश्या चवताळतात. कारण कळले की लोकांना पटते, म्हणून हे पत्रक.

आपला सह्याद्री म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. घट्ट काळा बेसॉल्ट उन्हापावसाला सहसा दाद देत नाही. दोन थरांमधला सच्छिद्र खडक आणि तांबडी माती मात्र झिजत आत जाते. म्हणून आपले डोंगर टप्प्याटप्प्यांचे : कडा, मग पदर (दोन कड्यांमधला आडवा टप्पा), वर पुन्हा कडा. सरळ चढता येत नाही तिथे वाट या झिजलेल्या थरावरूनच आडवी जाते आणि डोक्यावर कातळाचे छत येते. आग्या माश्यांना पोळे टांगायला अशीच कोरडी जागा हवी असते.

पेटीत पाळतात त्या सातेरीसारख्या या माश्या गरीब नव्हेत. उघडे, एकच मोठे पोळे, त्यावर हजारो माश्या. पोळ्यावर लाट सळसळताना दिसली तर तो इशारा समजा आणि आवाज न करता मागे फिरा. एकीने डंख मारला की नांगीच्या वासावर बाकीच्या येतात, आणि अरुंद पदरावर पळायला जागा नसते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक वेगळीच आहे. आंघोळ करून, काहीही न लावता लोक येतात, पण अंगात कालचाच शर्ट! वास कापडात तसाच. मग पायथ्याच्या गावात कपडे बदलणे, केसांचे सुगंधी तेल धुणे सुरू होते आणि सगळी तुकडी खोळंबते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या दमवणाऱ्या चढाईत सकाळी घालवलेला वेळ वर कोकणकड्याजवळ अंधारात चालून फेडावा लागतो. धुतलेले, बिनवासाचे, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणा. डोके-तोंड झाकेल एवढा पंचाही हवाच.

"बाकीचे ग्रुप शेकोटी करतात, ड्रोन उडवतात, तुम्हीच एवढे कडक का?" कड्याच्या बुडाशी केलेला धूर वर पोळ्यापर्यंत जातो आणि ड्रोनची घरघरही, म्हणून. आमचे शुल्क थोडे जास्त वाटते, कारण त्यात गावातल्या वाटाड्याची मजुरी धरलेली असते. माश्या ऋतूप्रमाणे मुक्काम हलवतात. सध्या कोणती कपार भरलेली आहे हे त्याला ठाऊक असते, गेल्या वर्षीच्या व्हिडिओला नसते. काही वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी फुलली की मधासाठी माश्या तिच्यावर येतात, त्या वर्षी तर आम्ही त्याला विचारल्याशिवाय तारीखही ठरवत नाही.

गप्प चालण्याचा फायदाही आहेच. भीमाशंकरच्या रानात शेकरू दिसते ते अशाच तुकड्यांना. नशीब असेल तर कड्याच्या कपारीत घरटे करणारी गिधाडेही दिसतात.

डंखाची ॲलर्जी असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा आणि डॉक्टरांनी दिलेले औषध स्वतःच्या खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको. कड्याखालून जायची धास्ती वाटत असेल तर पठारावरच्या सोप्या सहलीही आम्ही नेतो. दगडांचे थर निवांत बघायला त्या जास्त बऱ्या, आणि भरलेली रक्कम तिकडे वळती करून मिळते.