रिपोर्ट नॉर्मल आला, तरी गोळी चालूच

नाशिकच्या डिसेंबरात कुणाला थंडी वाजली तर त्यात नवल ते काय? निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते आणि घराघरांत स्वेटर निघतात. मंदावलेली थायरॉइड ग्रंथी त्या गडबडीत सहज लपते. पण मे महिन्यात घरातले सगळे पंख्याखाली बसलेले असताना एखादी बाई चादर ओढून बसत असेल, झोप होऊनही सकाळी थकलेली उठत असेल, पोट साफ होत नसेल, केस गळत असतील, पाळीत अंगावरून जास्त जात असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइडसाठीची टीएसएच ही साधी रक्ततपासणी करून घ्या.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या भागातली लहानशी ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं (हार्मोन) तयार करते. पेशींनी किती वेगाने काम करायचं हे ती ठरवतात. ती कमी पडली की नाडीपासून आतड्यांपर्यंत सगळंच संथ होतं, मनही उदास राहतं आणि कोलेस्टेरॉल वाढतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच नावाचं संप्रेरक सोडून थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइड ऐकेनाशी झाली की पिट्यूटरीची हाक मोठी होत जाते. म्हणून टीएसएचचा आकडा वाढलेला दिसला, तर बहुतेक वेळा थायरॉइडचं काम कमी झालेलं असतं.

आयोडीनची कमतरता हे याचं जुनं कारण. भारतात गलगंड (थायरॉइड सुजून गळा फुगणं) नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला आणि पुढे आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोचलं. आयोडीन पुरेसं मिळत असताना मुख्य कारण उरतं ते हाशिमोटोचा आजार. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करते. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त.

उपचाराची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, शरीर बनवतं तेच टी-४. औषध चांगलं आहे, स्वस्त आहे. घोटाळा होतो तो आपल्या ओट्यावर. गॅसवर चहा उकळत असतो, शेजारी गोळ्यांची बाटली. गोळी तोंडात टाकायची आणि लगेच चहाचा घोट. अशाने औषध आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्ध्या ते एक तासानंतर. रविवारची मिसळही त्यानंतरच. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल, तर चार तासांचं अंतर हवं. सकाळी हे जमतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. आणि नवरात्रात, एकादशीला गोळी चुकवू नका. घोटभर पाण्याने उपास मोडत नाही, असं मला मनापासून वाटतं.

टी-४ चं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे गोळीचा परिणाम सावकाश दिसतो आणि डोस बदलल्यावर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून हताश होण्यात अर्थ नाही. याच संथपणामुळे दुसरी चूकही होते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली जाते, काही दिवस बरंही वाटतं, आणि मग जुना थकवा हळूहळू परततो. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच. बाळंतपणानंतरचा थायरॉइडचा त्रास काही जणींमध्ये तात्पुरता असतो हे खरं, पण थांबायचं की नाही ते तपासणी करून डॉक्टरांनी ठरवावं.

कोबी-फ्लॉवर शिजवून बेतानं खायला हरकत नाही. रोजच्या स्वयंपाकात मात्र नुसतं सैंधव वापरू नका, त्यात आयोडीन पुरेसं नसतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, त्याने रिपोर्ट चुकू शकतो.

दिवस राहिल्याचं कळताच, गोळी सुरू असलेल्या बाईने लगेच डॉक्टरांना गाठावं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्या संप्रेरकावर अवलंबून असतो आणि डोस बहुधा वाढवावा लागतो. बाळ जन्मल्यावर त्याचीही थायरॉइड तपासणी मागून घ्या. टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब पुरतात. दोष जन्मजात असेल आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर मेंदूची वाढ सहसा नीट होते.