हातमोज्यांच्या आधीपासून: पुण्यातला घरगुती घातक कचरा आणि तो उचलणाऱ्यांचं संरक्षण

पुण्यात घरोघरचा कचरा उचलणाऱ्या बाईच्या हातात हातमोजे आले, त्याला फार वर्षं झालेली नाहीत. त्या कचऱ्यात सुया, फुटके दिवे, ॲसिडच्या बाटल्या आणि रंगाचे डबे मात्र कितीतरी आधीपासून येत होते. हे अंतर पडलं कसं, आणि अजूनही ते पुरतं का भरलेलं नाही, हे समजून घ्यायचं तर कायद्याच्या आधी माणसांकडे पाहावं लागतं.

शहराचा कचरा दोन प्रकारची माणसं हाताळत आली. एक महापालिकेच्या पगारपत्रकावरचे सफाई कामगार. सकाळी आरोग्य कोठीवर हजेरी लावायची, मुकादम नेमून देईल तिथे जायचं. गणवेश, साबण, गमबूट वेळेवर मिळोत न मिळोत, पण मागायला समोर कुणीतरी होतं, युनियन होती. दुसऱ्या कचरावेचक. बहुतेक बायका, बहुतेक दलित आणि भूमिहीन घरांतल्या. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली कुटुंबंही त्यांत पुष्कळ. खांद्यावर पोतं, हातात फार तर एखादी सळई, आणि समोर रस्त्यावरची कचराकुंडी. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेचायचं आणि भंगारवाल्याला वजनावर घालायचं. त्यांना मालक नव्हता, त्यामुळे हातमोजे कुणी द्यायचे हा प्रश्नच कुणापुढे उभा राहत नव्हता. कुंडीत हात घातल्यावर ब्लेड लागलं तर तो तिचा आणि तिच्या नशिबाचा मामला ठरे.

बदलाची सुरुवात झाली ती एका वेगळ्याच मागणीतून. १९९० च्या आसपास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढशिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या कचरावेचकांच्या वस्त्यांत जाऊ लागल्या. तिथून जे पुढे आलं ते साधं होतं: घरांनी सुका माल वेगळा काढून थेट हातात दिला, तर कुंडी उपसावी लागणार नाही. माल स्वच्छ मिळेल, भाव बरा येईल, हात कापणार नाहीत. माझ्या मते पुण्यातल्या कचरावेचकांसाठी मागितलं गेलेलं पहिलं संरक्षक साधन हेच. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांवर मान्यतेची मोहोर उमटवली. हातमोजे अजून लांब होते, पण हे काम करणारी बाई कामगार आहे हे आता कागदावर आलं होतं. त्याशिवाय पुढचं काही मागताच आलं नसतं.

याच काळात देशात कायदे होऊ लागले. जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ चे. त्यांनी दवाखाने आणि रुग्णालयांतल्या सुया, पट्ट्या, रक्ताने भरलेला कापूस यांची व्यवस्था लावली. घरात मधुमेहाचं इंजेक्शन घेणाऱ्या माणसाची सुई मात्र त्या चौकटीबाहेर राहिली. २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांनी कचरा हातांनी हाताळण्यास मनाई केली आणि लगेच पुढच्या वाक्यात, टाळताच येत नसेल तर कामगारांच्या सुरक्षेची योग्य काळजी घेऊन हाताळावा, अशी वाटही ठेवली. शहरं त्या वाटेनेच गेली. योग्य काळजी म्हणजे नेमकं काय आणि ती कुणी घ्यायची, हे त्या वाक्यात नव्हतं.

२००८ साली पुणे महापालिकेने कचरावेचकांच्याच मालकीच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी करार केला आणि कुंडीवरच्या बायका घराच्या दारापर्यंत आल्या. सेवाशुल्क घरांनी थेट त्यांना द्यायचं. ढकलगाडी, बादल्या, संरक्षक साहित्य पुरवण्याची बाजू महापालिकेची. कोट, हातमोजे, रेनकोट हे शब्द या कामाशी कायमचे जोडले गेले ते इथून.

पण साहित्य मिळणं आणि ते वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीच्या मागच्या बाजूला वर्गीकरण चाललेलं असतं तिथे पाच मिनिटं थांबून पाहावं. डाव्या हातात हातमोजा असतो, उजवा हात बऱ्याचदा उघडा. कारण उजव्या हाताची बोटं पाहण्याचं काम करतात. दुधाची पिशवी, वेफर्सचं चकचकीत पाकीट आणि कुरकुर आवाज करणारी पातळ पिशवी यांतला फरक त्या बोटांना चाचपून आणि चुरगळून कळतो. दुधाच्या पिशवीला भाव आहे, वेफर्सच्या पाकिटाला जवळजवळ काहीच नाही. जाड रबरी हातमोजा घातला की हा स्पर्श जातो आणि कामाला दीडपट वेळ लागतो. त्यात तो पुरुषी मापाचा असेल तर बोटांची टोकं पुढे लोंबत राहतात. सुती मोजा ओल्या कचऱ्याचं पाणी शोषून घेतो, रबरी मोज्यात मे महिन्यात घामाने हात फुगतात. आणि फाटतो तो नेमका अंगठा आणि तर्जनीच्या टोकाशी, म्हणजे जिथे सुई लागायची शक्यता सर्वांत जास्त. हातमोजे दिले तरी बायका घालत नाहीत, ही तक्रार पुष्कळांनी केलेली आहे. ती करणाऱ्याने ते घालून एक पोतं माल निवडून पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय चांगल्या हातमोज्यालाही मर्यादा असतात, आणि घातक कचऱ्याच्या बाबतीत त्या फार लवकर गाठल्या जातात. इंजेक्शनची सुई साध्या रबरी हातमोज्यातून सहज आरपार जाते. हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरू शकतो. म्हणजे सोमवारी टाकलेली सुई शनिवारीही धोक्याचीच. ट्यूबलाइट किंवा सीएफएल फुटला की त्यातला काही मिलिग्रॅम पारा वाफ होऊन हवेत जातो, आणि पाऱ्याच्या वाफेपुढे कापडी मास्क आणि एन-९५ दोन्ही निरुपयोगी. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच पिशवीत एकत्र सांडलं तर क्लोरीन वायू सुटतो. रुग्णालयात असा कचरा हाताळणाऱ्या कामगाराला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी, असं २०१६ च्या जैववैद्यकीय नियमांनी बंधन घातलं. त्याच बनावटीची, तशाच रक्ताची सुई घराच्या डब्यातून उचलणाऱ्या बाईसाठी त्या नियमांत तसं बंधन नाही. ही तफावत मला कधीच पटलेली नाही.

सॅनिटरी पॅड आणि डायपर घातक कचऱ्याच्या कायदेशीर यादीत बसत नाहीत, तरी पुण्यातला सर्वांत मोठा लढा त्यांवरूनच झाला, म्हणून त्याबद्दल सांगायलाच हवं. उघडे, रक्ताने भिजलेले पॅड रोज हातांनी वेगळे करायचे, हा आजाराइतकाच अपमानाचा प्रश्न होता. कचरावेचकांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या शिवल्या आणि घरोघरी विकल्या. २०१३ साली त्यांनी वापरलेल्या पॅडची पोती उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवली: तुमचा माल, तुमची जबाबदारी. पुढे कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम आली. दुरूनच दिसावं, उघडून पाहायची वेळ येऊ नये, एवढीच त्यामागची मागणी. पॅडसोबत गुंडाळायला पाकीट किंवा वेष्टन उत्पादकाने पुरवावं, असं कलम केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं.

त्या नियमांनी, ८ एप्रिल २०१६ ला, आणखी बरंच केलं. कचरावेचकांची व्याख्या केली. घरगुती घातक कचऱ्याची यादी दिली: रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, बॅटऱ्या, सुया-सिरिंज, जखमेवरचं गॉज. तो ओल्या-सुक्यापासून तिसऱ्या भागात वेगळा द्यायचा. आणि २००० सालच्या मोघम वाक्याच्या जागी आता स्पष्ट यादी आली: गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं, मास्क. ती कामगारांना मिळते आणि वापरली जाते, हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर.

मग कोविड आला. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले, आणि टाळेबंदीतही ढकलगाड्या चालू राहिल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याच महिन्यात सूचना काढल्या: विलगीकरणातल्या घरांचा कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा, तो उचलणाऱ्यांना तीनपदरी मास्क, ओल न झिरपणारा एप्रन, जाड हातमोजे, गमबूट, गॉगल. इतर घरांनी वापरलेले मास्क कागदी पिशवीत ७२ तास ठेवून मगच टाकावेत, असंही पुढे सांगितलं. घरातल्या कचऱ्यापासून तो उचलणाऱ्याला इजा होऊ शकते, ही गोष्ट मध्यमवर्गीय घरांत पहिल्यांदा गांभीर्याने बोलली गेली ती तेव्हा. साथ ओसरली तशी ती चर्चाही.

२०१६ च्या नियमांतलं एक कलम मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. घातक कचरा नागरिकांनी आणून द्यावा यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र हवं, असं त्यात म्हटलं होतं. गावं समाविष्ट होऊन पुणे महापालिकेचं क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या आसपास गेलं आहे, म्हणजे हिशेबाने निदान २५ केंद्रं. आपल्या घराजवळचं केंद्र कुठे आणि ते किती वाजता उघडतं, हे शेजाऱ्यांना विचारून पाहा. २०२६ च्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग केले आहेत. दिवे, रंगाचे डबे, थर्मामीटर, औषधं या चौथ्या भागात.

ही व्यवस्था बसेपर्यंत सुया जाड प्लॅस्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत भराव्यात आणि झाकणावर चिकटपट्टी लावावी. दिवा त्याच्याच खोक्यात ठेवावा, फुटलेला असेल तर घट्ट बंद होणाऱ्या डब्यात. हे सगळं ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळं हातात द्यावं, आणि देताना आत काय आहे ते मावशींना तोंडाने सांगावं. त्यांच्यापैकी अनेकींना बाटलीवर लिहिलेलं वाचता येत नाही.