मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो चांगला? नाही हो!
खिशात मावणारा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती मेगापिक्सेल?’ आकडा मोठा तितका फोटो चांगला, हा समज काही जाता जात नाही. कॅननने २००८ मध्ये आपल्या जी१० या कॅमेऱ्याला १४.७ मेगापिक्सेल दिले आणि पुढच्याच वर्षी जी११ व खिशात मावणाऱ्या एस९० मध्ये ते १० वर आणले. कारण करंगळीच्या नखाएवढ्या सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या चिपवर) जास्त पिक्सेल, म्हणजे फोटोचे ठिपके, कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. मग समईच्या उजेडात आजीच्या साडीचे काठ रवाळ दिसतात. ए४ प्रिंटला ९ मेगापिक्सेल पुरतात. विचारायचा तो सेन्सरचा आकार. साध्या कॉम्पॅक्ट (छोट्या) कॅमेऱ्याचा जेमतेम ६ बाय ४.५ मिमी, ‘एक इंची’ नावाच्या मोठ्या सेन्सरचा १३.२ बाय ८.८, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. (तो ‘एक इंची’ही कुठल्याच बाजूने एक इंच भरत नाही, ती वेगळीच गंमत!)