टोमॅटो घेतला, नाकतोडा नाही घेतला

नाशिककरांच्या ताटात मेक्सिको रोज येतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटने उतरणारा टोमॅटो, मिसळीच्या तर्रीतली मिरची, येवल्याकडचा मका ही सगळी मूळची तिकडची पिकं. सोळाव्या शतकात स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर ती जगभर पसरू लागली. त्याच मेक्सिकोत, वाहाका भागात, लसूण, लिंबू आणि मीठ लावून भाजलेले नाकतोडे आजही टोपल्या भरभरून विकायला असतात. स्पॅनिशांच्या आधी तिथे राज्य करणारे अ‍ॅझ्टेक लोक तर टेक्सकोको तळ्यातल्या पाणकिड्यांची अंडीसुद्धा गोळा करून खात. टोमॅटोकडेही युरोपने बराच काळ विषारी झाडांचा भाऊबंद म्हणून संशयाने पाहिलं. तो संशय पुढे फिटला, किड्यांबद्दलचा मात्र राहिला.

युरोपला किड्यांचं नेहमीच वावडं होतं असंही नाही. सिकाडाची, म्हणजे झाडावर बसून किर्र ओरडणाऱ्या किड्याची, अळी कात टाकण्याआधी सर्वात चविष्ट लागते, असं प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवलं आहे. पण थंड मुलखात किडे लहान, विखुरलेले आणि हिवाळ्यात दिसेनासे होणारे. घरच्या गुरामेंढ्यांनी मांसाची गरज भागवली, आणि शेतकऱ्याच्या लेखी किडा उरला तो पिकाचा वैरी म्हणून.

आपल्याकडचा इतिहास आपण समजतो त्यापेक्षा बराच मोकळा आहे. रामायणाच्या किष्किंधाकांडात बाण लागलेला वाली रामाला सुनावतो की पाच नखांचे पाचच प्राणी भक्ष्य आहेत. त्या यादीत साळिंदर, घोरपड, ससा, कासव येतात. (घोरपड आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, तिची शिकार गुन्हा आहे.) बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात शेतातल्या काळ्या उंदरांची कृतीच दिली आहे: शेपटीला धरून गरम तेलात बुडवायचे, केस सुटले की गरम पाण्याने धुवायचे, पोट साफ करून आंबट आणि मीठ घालून शिजवायचे, नाहीतर सळईला लावून निखाऱ्यावर भाजायचे. हे राजाच्या मुदपाकखान्यातलं अन्न होतं. हेच उंदीर पुढे कातकऱ्यांनी बिळं खणून खाल्ले, बिळात साठलेलं धान्यही काढून आणलं, तेव्हा गावाने त्यांना हिणवलं. मला यात किळसेपेक्षा जात जास्त दिसते.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात पहिला पाऊस पडला की रात्री बत्ती घेऊन लोक ओहोळात खेकडे धरायला उतरतात. नाशिकच्या बाजारात सुकट, जवळाही मिळतो. खेकडा, कोळंबी आणि नाकतोडा हे तिघेही प्राणिशास्त्रात संधिपाद, म्हणजे एकाच मोठ्या कुळातले.

टोळांची गोष्ट तर आपल्या अगदी जवळची. ‘पटांगा सक्सिंक्टा’ या टोळाला इंग्रजीत मुंबईचंच नाव आहे. १९०१ ते १९०८ या काळात त्याच्या धाडींनी मुंबई इलाख्याला छळलं. तोच टोळ १९७८ ते १९८१ दरम्यान थायलंडमध्ये मक्यावर उतरला. विमानातून फवारणी करूनही आवरेना, तेव्हा सरकारने तो पकडून खाण्याचा प्रचार केला. तळलेला टोळ लोकांना इतका आवडला की पुढे तो पिकाची मोठी कीड राहिला नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथे रातकिडे पाळण्याचा धंदाही उभा राहिला.

२०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने खाण्याजोग्या कीटकांवर मोठा अहवाल काढला. जगात १,९००हून अधिक जातींचे कीटक खाल्ले जातात आणि किमान दोनशे कोटी लोकांच्या पारंपरिक आहारात ते आहेत, असं त्यात म्हटलं होतं. २०२१ मध्ये युरोपीय संघाने पिवळ्या मीलवर्म अळीला अन्न म्हणून मान्यता दिली. तिथे हे ‘भविष्याचं अन्न’ ठरलं. बस्तर-गडचिरोलीतली लाल मुंग्यांची चटणी मात्र आपल्या बातम्यांत अजून ‘अजब’ म्हणूनच येते. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे चांगलं झालं.

हे वाचून कुणाला चव घ्यावीशी वाटलीच, तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना कीटकही बाधू शकतात, कारण त्रास देणारं प्रथिन दोन्हींत जवळपास सारखंच असतं. आणि द्राक्षबागेतला किंवा फवारलेल्या शेतातला नाकतोडा कधीही खाऊ नये. जिथे कीटक खातात तिथेही खाण्यासाठी पाळलेले किंवा बिनफवारणीच्या रानातलेच घ्यावेत.