‘सेल्स अँड सर्व्हिस’मधला दुसरा शब्द

गोव्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स वितरकांच्या पाट्यांवर ‘सेल्स अँड सर्व्हिस’ लिहिलेलं असतं. त्यातला ‘सर्व्हिस’ मागाहून आला आणि पुढे धंदा त्याच्याच जिवावर तगला.

मुक्तीपूर्व काळ थोडक्यात. 1955 च्या सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तरी खनिजाच्या निर्यातीवर परकीय चलन येत होतं आणि बाजारात परदेशी माल सहज मिळे. 1961 नंतर भारतीय आयातनियम लागू झाले. रेडिओ नवा घेण्यापेक्षा जुनाच चालता ठेवणं भाग पडलं. 1982 ला एशियाडसोबत रंगीत टीव्ही आला, त्यामागून हॉटेलं वाढली. मग ईपीएबीएक्स (खोल्याखोल्यांना जोडणारी अंतर्गत फोनयंत्रणा), सीसीटीव्ही, बिलिंग मशिनं. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने यंत्रातल्या सर्किट बोर्डावरचे सांधे गंजतात, पावसाळ्यात विजेचा लपंडाव असतो. हॉटेलवाल्याला मशीन स्वस्त नको असतं, रात्री माणूस यायला हवा असतो. वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, इथे रुजली ती त्यामुळे.

खरा गुंता वॉरंटीचा. गिऱ्हाईक बंद पडलेला संच आणतं. वितरक आपल्या स्टॉकमधला बोर्ड बसवून देतो, जळका बोर्ड क्लेमसाठी, म्हणजे भरपाई मागायला, उत्पादक कंपनीकडे पाठवतो. कंपनी रोख देत नाही, क्रेडिट नोट देते. तेवढी वितरकाची देणी कमी होतात. विक्रीकर खात्याचं म्हणणं: माल दिलास, मोबदला मिळाला, ही विक्रीच. वितरक म्हणतो: वॉरंटीची किंमत संचाच्या किमतीत धरलेली होती, तिच्यावर कर भरून झाला आहे. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वाहनविक्रेत्याच्या प्रकरणात खात्याची बाजू उचलून धरली. 2023 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय कायम केला, पण एक रेघ ओढली: सुटा भाग विक्रेत्याच्या स्वतःच्या साठ्यातला किंवा बाजारातून आणलेला असेल तर विक्री, उत्पादकाने बदलीसाठी पाठवलेला असेल तर विक्रेता मधला दुवा, कर नाही. त्याच वर्षी जुलैत जीएसटीच्या परिपत्रकानेही साधारण याच धर्तीवर फोड केली.

कायद्याच्या दृष्टीने रेघ स्वच्छ आहे. पण मुंबईहून बोर्ड येईपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणून वितरक आपल्याच कपाटातला बोर्ड काढतो. तत्परतेलाच कर लागतो, असं मला यात दिसतं. मोठ्या शहरातल्या दुकानदाराला हा अडसर कमी. कंपनीचं गोदाम त्याच्या जवळ असतं.

वितरकांसाठी ‘कंपनी’ हा शब्दही इथे जरा जपून वापरावा. यातल्या पुष्कळ पेढ्या मुळात घरच्या. गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पती-पत्नीची मालमत्ता सामायिक धरली जाते, आणि प्राप्तिकर कायद्यानुसार पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं विभागलं जातं. प्रायव्हेट लिमिटेड झालं की नफा कंपनीचा आणि मालकाच्या हाती येणारा पगार एकट्याचा. कंपनी म्हणून नोंदणी पुढे ढकलणाऱ्यांना हे गणित पक्कं ठाऊक असतं.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि माल व सेवा एकाच कायद्याखाली आल्या. देखभालीच्या करारात सुटा भाग किती आणि मजुरी किती, हा जुना वाद बराचसा निवला. दरम्यान ऑनलाइन विक्रीने मार्जिन खाल्लं. शोरूमची जागा आक्रसत गेली, मागची कामाची खोली मात्र मोठी झाली. तिथे जळके बोर्ड क्लेमची वाट पाहत पडून असतात.