अक्रोतिरीला 'ग्रीसचं पॉम्पेई' म्हणू नका

सांतोरिनी बेटावरच्या अक्रोतिरीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे ग्रीसमधलं पॉम्पेई." माहितीपटांत तेच, सहलींच्या पत्रकांत तेच. मला हे मनापासून खटकतं.

पॉम्पेई आपल्याला पाठ असतं: इ.स. 79, इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी, रोमन शहर. अक्रोतिरी त्याहून सोळा-सतराशे वर्षांनी जुनं. क्रीट बेटावरच्या प्राचीन मिनोअन संस्कृतीशी घट्ट जोडलेलं हे बंदर थेराच्या, म्हणजे सांतोरिनीच्याच, ज्वालामुखीने गाडलं. दोन्हीकडे भित्तिचित्रं आहेत.

खरा घोळ माणसांचा आहे. इटालियन पुरातत्त्वज्ञ जुसेप्पे फियोरेल्ली यांनी 1863 मध्ये पॉम्पेईत, मृतदेह कुजून राखेत उरलेल्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतलं आणि मेलेल्या माणसांचे आकार हाती आले: गुडघे पोटाशी घेतलेले, तोंडावर हात धरलेले. अक्रोतिरीतही राखेत पोकळ्या मिळाल्या, तिथेही प्लास्टर ओतलं. बाहेर काय आलं? खाटा. नक्षीदार पायांचं एक तिवईसारखं मेज. ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी 1967 मध्ये इथे उत्खनन सुरू केलं, 1974 नंतर ख्रिस्तोस डुमास यांनी ते पुढे नेलं, पण उद्रेकात मेलेल्या माणसाचा एकही सांगाडा या घरांत सापडलेला नाही. लोक आधीच निघून गेले होते.

कारण उद्रेकाच्या आधी मोठा भूकंप झाला. दगडी जिन्यांच्या पायऱ्या मधोमध तडकल्या, त्या आजही दिसतात. मग काही लोक परतले, पडझडीचा ढिगारा उपसून रस्ते मोकळे करू लागले, वापरण्याजोगं सामान बाहेर काढून ठेवू लागले. पॉम्पेईतही इ.स. 62 च्या भूकंपानंतर डागडुजी चालू होती, आणि लोक नेमके इथेच फसतात. पॉम्पेईतली माणसं सतरा वर्षं त्या डागडुजीतच संसार करत होती आणि शेवटच्या दिवशी शहरातच होती. अक्रोतिरी त्या दिवशी रिकामं होतं.

म्हणून दोन्हीकडच्या वस्तू एकाच नजरेने वाचता येत नाहीत. पॉम्पेईच्या भट्टीत पाव राहिले, तो चालू संसार होता. अक्रोतिरीत उरलं ते मागे ठेवलेलं: धान्याचे जड रांजण, मडकी, अवजड सामान. दागिने जवळजवळ नाहीतच. 1999 मध्ये एका पेटीत सोन्याचा छोटासा रानबोकड सापडला, तो अपवादच. एवढ्यावरून 'हे लोक सोनं फारसं वापरत नसावेत' असं लिहिणं साफ चूक आहे. घर सोडताना माणूस आधी अंगावरचं आणि किमती तेच उचलतो.

वस्तीचा फार मोठा भाग अजून राखेखाली आहे, त्यामुळे बेटावरचे सगळे वाचले असंही कुणी छातीठोकपणे सांगू नये. बंदराकडे धावलेल्यांचं काय झालं, ते खोदल्याशिवाय कळणार नाही. पण 'क्षणात गोठलेलं शहर' हे शब्द तरी अक्रोतिरीच्या छायाचित्राखाली नकोत. तिथल्या 'पश्चिम गृहा'त दोन भांडी सापडली. एकात भिंतीला लावायचा गिलावा होता, दुसऱ्यात वाळून गेलेला लाल रंग. कुणीतरी पडझडीनंतर परत येऊन घर रंगवायला घेतलं होतं, आणि काम तसंच टाकून पुन्हा निघून गेलं.